मॅगव्हीलची झिलई: लॅकर, सिरॅमिक की उघडा धातू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही रत्नागिरीत राहता. हौसेनं १७ इंची थ्री-पीस (तीन भाग जोडून केलेली) मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चाकं, वापरलेली घेतलीत आणि जानेवारीत त्यांच्या बाहेरच्या कडा, म्हणजे लिप, बफिंग (फिरत्या कापडी चकतीनं, म्हणजे बफनं, पॉलिश) करून घेतल्या. तेव्हा त्यांत तोंड दिसत होतं. जुलै लागला तशी तीच लिप दुधाळ झाली, मध्ये मध्ये पांढरे ठिपके उठले. दर आठवड्याला वॉशिंग सेंटरला गाडी धुऊन घेता, तरी हे झालं. आता एक जण लॅकर (पारदर्शक रंग) मारायला सांगतोय, दुसरा सिरॅमिक कोटिंग (काचेसारखा पातळ लेप), तिसरा क्लिअर पावडर कोटिंग (भुकटी लावून भट्टीत भाजलेला पारदर्शक थर). तुम्हाला एकदाच काय ते करून मोकळं व्हायचंय.

मी कोल्हापुरात २२ वर्षं बफिंगचं काम करतो. सुरुवात डेअरीच्या स्टीलच्या टाक्या आणि पंपांचे भाग बफ करण्यापासून झाली, गेली १४ वर्षं मुख्यतः चाकंच. पॉलिश केलेल्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमला एकदा काहीतरी लावलं आणि विषय संपला, असा इलाज मला अजून सापडलेला नाही. पण थोडी थोडी देखभाल ठेवली तर ती झिलई वर्षानुवर्षं राहते, आणि कोकणातही राहते. तुमची लिप बिघडली ती पावसानं थोडी आणि त्या दर आठवड्याच्या धुण्यानं जास्त, असा माझा अंदाज आहे. का ते पुढे सांगतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. लिपवर आत्ता नेमकं काय आहे, उघडा धातू की लॅकर? एका पांढऱ्या सुती फडक्याला मटारच्या दाण्याएवढं मेटल पॉलिश घ्या आणि लिपवर दोन बोटांच्या जागेत अर्धा मिनिट चोळा. फडकं काळं झालं तर तो उघडा अ‍ॅल्युमिनियम आहे. ते काळं म्हणजे मळ नसतो, धातूच निघत असतो, त्यामुळे चाक कितीही स्वच्छ असलं तरी फडकं काळं होणारच. फडकं पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे, किंवा अ‍ॅनोडाइझ केलेला (विजेच्या प्रक्रियेनं धातूवरच वाढवलेला कडक) थर आहे, किंवा ते क्रोम आहे. नामांकित परदेशी कंपन्यांच्या जुन्या थ्री-पीस चाकांची लिप बऱ्याचदा अ‍ॅनोडाइझ केलेली असते. तिच्यावर मेटल पॉलिश घासत बसलात तर चकाकी वाढत नाही, संरक्षणाचा थर मात्र जागोजागी पातळ होतो. तुमची जानेवारीत बफ झाली आहे म्हणजे बहुधा उघडीच असेल, पण बफिंगवाल्यानं शेवटी स्प्रेचा लॅकर फवारून दिला असेल तर तुम्हाला दिसतोय तो दुधाळपणा लॅकरचाही असू शकतो. मग सगळा हिशेबच बदलतो. म्हणून पहिलं काम हे फडक्याचं.

आता अ‍ॅल्युमिनियम मळकटतं का, हे समजून घ्या. तुमच्या स्वयंपाकघरात याचं उत्तर आहे. कुकरमध्ये डाळ-तांदळाच्या डब्यांखाली नुसतं पाणी घातलं की काही दिवसांत कुकर आतून काळा पडतो, आणि त्या पाण्यात लिंबाची फोड टाकली की पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूनं आपोआप एक साय धरते, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी इतकी पातळ. ती पारदर्शक असते आणि तीच खालच्या धातूला सांभाळते. साधारण ४ ते ९ पीएचच्या दरम्यान ती टिकते. त्याच्या वर, म्हणजे सोडा, कॉस्टिक, चुना, सिमेंटचं पाणी, यांनी ती विरघळते. त्याच्या खाली, म्हणजे तीव्र आम्लांनीही विरघळते. आणि मिठातला क्लोराइड तिला सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतो. तुमचे पांढरे ठिपके म्हणजे त्या भोकांतून वर आलेली भुकटी. नखानं खरवडून पाहा. भुकटी निघाली आणि खाली खड्डा लागला तर तो पिटिंगचा ठिपका. नखाला काही लागत नसेल आणि ठिपका गोल, कडेला गडद असेल तर तो बोअरच्या जड पाण्याचा वाळलेला क्षार. तो सौम्य पॉलिशनं हातानंच निघतो.

रत्नागिरीला समुद्राची खारी हवा आहे, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, त्यात जांभ्याची लाल माती ब्रेकच्या धुळीबरोबर चिकटते. हे सगळं खरं. पण नुसत्या खाऱ्या हवेनं सहा महिन्यांत संपूर्ण लिप एकसारखी दुधाळ होताना मी फारशी पाहिलेली नाही. हवेनं येतात ते ठिपके, कडेकडेनं, बोल्टांच्या भोवती. सगळीकडे सारखा पसरलेला पांढुरकेपणा दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो, गाडी कुठे धुता? बऱ्याच वॉशिंग सेंटरवर चाकांसाठी वेगळी बाटली असते. फवारली की ब्रेकची काळी धूळ पाण्यासारखी उतरते आणि मालक खूश होतो. त्यात एक तर कॉस्टिक असतं नाही तर आम्ल, कधी फ्लोराइडचं आम्ल. लॅकर असलेल्या कंपनीच्या चाकावर ते काही महिने खपून जातं. उघड्या लिपवर दोन-तीन वेळा पडलं की आरसा गेला. फ्लोराइडचं आम्ल तर हाताच्या कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत त्रास देतं, म्हणून धुणाऱ्या पोराच्या जिवासाठीही ते नको. पुढच्या वेळी उभं राहून स्वच्छ सांगा, चाकाला फक्त गाडीचा शाम्पू आणि पाणी, बाटलीतलं काही नको.

आता तुम्हाला सुचवलेले तीन मार्ग.

लॅकरचा अनुभव मी स्वतः घेतलाय, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. काही वर्षांपूर्वी मालवणकडच्या एका ग्राहकाची चार चाकं मी आरशासारखी केली आणि त्याच्या आग्रहावरून वर टू-पॅक क्लिअर (दोन घटक मिसळून मारायचा लॅकर) मारून दिला. मार्चमध्ये चाकं दिली तेव्हा मला स्वतःलाच ती ठेवून घ्यावीशी वाटली होती. दिवाळीनंतर तो परत आला. एका लिपवर खडा लागून टाचणीच्या डोक्याएवढा टवका उडाला होता, आणि तिथून लॅकरच्या आत पांढऱ्या बारीक रेघा निघाल्या होत्या, वाळवी लाकडावर माग काढते तशा, वेड्यावाकड्या. काही तर बोटभर लांब. वरून हात फिरवला तर गुळगुळीत. गंज आत बंद होता, त्याच्यावर पॉलिश पोहोचणारच नव्हतं. चारही चाकं टायर काढून, लॅकर उतरवून मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, आणि ती मी पैसे न घेता केली, कारण नको म्हणायला हवं होतं तेव्हा मी म्हटलं नव्हतं.

याचं कारण साधं आहे. रंग किंवा लॅकर धरायला पृष्ठभागाला बारीक खरखर लागते. आरसा जितका चांगला, तितकी लॅकरची पकड कमी. पकड हवी म्हणून घासावं तर आरसा गेला. कंपनीची डायमंड कट चाकं लॅकरखाली बरी टिकतात, कारण लेथवर कापलेल्या भागावर सूक्ष्म रेघा असतात आणि लॅकरच्या आधी धातूला रासायनिक प्रक्रिया दिलेली असते. गल्लीतल्या स्प्रे बूथमध्ये ती सोय नसते. आणि डायमंड कटसुद्धा एकदा टवका उडून आत पाणी शिरलं की असेच माग काढतं.

क्लिअर पावडर कोटिंग लॅकरपेक्षा चिवट असतं, पण पकडीचा प्रश्न तोच आणि चकाकीवर किंचित दुधाळ पडदा येतो तो वेगळा. शिवाय पावडर भाजायला भट्टी २०० अंशांच्या आसपास न्यावी लागते. चाकाची ताकद उष्णतेच्या नेमक्या प्रक्रियेतून आलेली असते, ती प्रक्रिया याहून कमी तापमानाला पूर्ण होते. म्हणून तेच चाक पुन्हा पुन्हा भट्टीत घालणं मला पटत नाही. तुम्हाला रोजच्या वापराला चांदीसारखा रंग चालणार असेल, आरसा नको असेल, तर मात्र रंगीत पावडर कोटिंग हा उत्तम पर्याय आहे. खाली प्रायमर धरतो, खरखरीवर धरतो, आणि कोकणात वर्षानुवर्षं राहतो. हे मी ग्राहकांना मोकळेपणानं सांगतो, कारण आरशाची देखभाल ज्याला जमणार नाही त्याला आरसा देऊन त्याचंही समाधान होत नाही आणि माझंही.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. रंगवलेल्या आऱ्यांवर आणि चाकाच्या आतल्या नळकांड्यावर मी ते आवर्जून करतो, ब्रेकची धूळ भाजून चिकटत नाही, नुसत्या पाण्यानं उतरते. उघड्या पॉलिश केलेल्या धातूवर मात्र बाटलीवर लिहिलेली वर्षं धरून चालू नका. माझ्याकडे ते रंगावर टिकतं त्याच्या बरंच आधी लिपवरून जातं, आणि जाताना एकसारखं जात नाही, डागाडागांनी जातं. मग वर नवीन थर देण्याआधी उरलेला घासून काढावाच लागतो. घाटावरच्या कोरड्या हवेत, महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीला मी हो म्हणेन. तुमच्या गाडीला नाही.

मग राहतो तो उघडा धातू आणि वर वारंवार लावायचं सीलंट, म्हणजे मेणासारखा पातळ संरक्षक थर. तुमच्यासाठी माझा कौल याला. हा थर कमजोर आहे, पण लिप जरा मंद दिसायला लागली तर रविवारी सकाळी अर्ध्या तासात तुम्ही स्वतः ती परत आणू शकता. मधे काही सोलायचं नाही, खरवडायचं नाही.

कारनॉबा मेण की सिंथेटिक सीलंट, असंही तुम्ही विचारलंय. कारनॉबा साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. आंबा घाट उतरून आल्यावर पुढच्या चाकाजवळ नुसता हात नेऊन पाहा, मग कळेल मी का नको म्हणतो. लिप ब्रेकपासून लांब असते म्हणून ती आऱ्यांइतकी तापत नाही, तरी चाकांसाठीचं सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं.

आता काम कसं करायचं. तुमच्या लिपवर पिटिंग असेल तर नुसतं बफ फिरवून ते जाणार नाही. बफ खड्ड्याच्या कडा गोल करतो, खड्डा तसाच ठेवतो, आणि लांबून पाहिलं की लिप संत्र्याच्या सालीसारखी दिसते. जानेवारीत तुमचं काम असं घाईत झालं असण्याची शक्यता आहे. खड्डे काढायचे ते वॉटर पेपरनं (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). खोल असतील तर ३२० पासून, वरवरचे असतील तर ६०० पासून, मग ८००, १०००, १५००, २०००. पेपर पाण्यात भिजवायचा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलायची. ६०० गोलाकार फिरवला असेल तर ८०० आडवा, लिपच्या रुंदीत. आडव्या रेघांत जुन्या गोल रेघांपैकी एकही दिसत असेल तोवर पुढच्या नंबरला जायचं नाही. आमच्याकडे नवीन पोरगा येतो तो इथेच घाई करतो. त्याला वाटतं ६०० ची राहिलेली रेघ बफखाली जाईल. बफिंगनंतर सगळा आरसा झाला की तीच एक रेघ उन्हात केसासारखी चमकते आणि पुन्हा ८०० पासून सुरुवात. चार लिपच्या कामाला माझे दोन दिवस जातात, त्यातला दीड दिवस पेपरचा असतो.

ओतीव चाक असेल तर घासताना नवे बारीक काळे ठिपकेही उघडे पडतील. ते गंजाचे नाहीत, ओतताना राहिलेली हवा आहे. ओतीव चाकांच्या मिश्रधातूत साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे झिलईही किंचित करडी येते. तुमच्या थ्री-पीसची लिप बहुधा ओतीव नसेल, ती पत्र्यातून दाबून घडवलेली असते, म्हणून तिच्यात तोंड स्वच्छ दिसतं. मधल्या आऱ्यांत तेवढी चमक येत नाही म्हणून बफिंगवाल्याला दोष देऊ नका.

पेपरनंतर लस्टर, म्हणजे बफला लावायची पॉलिशची वडी. तपकिरी लस्टर आधी, सायझल (काथ्यासारख्या धाग्याच्या) नाही तर शिवलेल्या कापडी बफवर, मग सुट्या मऊ कापडी बफवर पांढरा. दोघांसाठी बफ वेगळे, आणि स्टीलला वापरलेला बफ अ‍ॅल्युमिनियमला कधीच नाही. घरी चार इंची ग्राइंडरला बफ लावून करणारे बरेच आहेत. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्या वेगाला धातू तापतो, लस्टर जळून काळा थर बसतो आणि तो काढताना पुन्हा चरे पडतात. वेग कमी करता येणारं पॉलिशर घ्या, ३००० च्या आत चालवा, आणि एका जागी थांबू नका. हात ठेवला तर चटका बसेल इतकं तापलं की त्या जागेला विश्रांती.

शेवटी लस्टरचा ओशटपणा उरतो. तो राहिला तर सीलंट धातूला लागतच नाही, मेणावर मेण बसतं आणि पहिल्या पावसात निघून जातं. यासाठी आम्ही कॉर्नफ्लोअर वापरतो, दुकानात मिळतं तेच मक्याचं पांढरं पीठ. लिपवर भुरभुरायचं आणि मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचं. पीठ तेल शोषतं, काळपट ढग उडून जातो आणि खालून खरा आरसा वर येतो. हे पाहायला मला आजही आवडतं. स्टीलच्या भांड्यांवाले चुन्याची पूड वापरतात, ती इथे चालणार नाही, चुन्यानं साय विरघळते हे वर सांगितलंच. पिठानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं एक हात पुसून घ्यायचं आणि लगेच सीलंट. अगदी पातळ, दिसेल न दिसेल असं. बाटलीवर सांगितलेली वेळ थांबून पुसायचं, तासाभरानं दुसरा हात, आणि त्यानंतर एक दिवस चाकाला पाणी लागू द्यायचं नाही.

एका गोष्टीवर मी अडून बसतो. हबला (गाडीचा चाक बसतं तो भाग) टेकणारा मागचा भाग आणि नट बसतात त्या जागा, इथे पॉलिशही नको आणि कोटिंगही नको. तिथे जाड थर बसला तर तो दबत जातो आणि आवळलेले नट सैल पडतात. काम झाल्यावर नट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळायचा पाना), समोरासमोरच्या क्रमानं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. चाकाला तडा दिसला तर तो घासून गुळगुळीत करून घेऊ नका. ते चाक बाजूला ठेवा. आणि गाडी जॅकवर चढवून, गिअर टाकून फिरत्या चाकाला पेपर लावायचा प्रकार काही जण करतात, तो कृपा करून करू नका. जॅक सरकला तर गाडी अंगावर येते. घासताना तोंडाला चांगला मास्क हवा, आणि अ‍ॅल्युमिनियमची कोरडी भुकटी साचलेल्या जागी लोखंड ग्राइंड करायचं नाही. त्या भुकटीला ठिणगी पुरते.

देखभाल त्या मानानं सोपी आहे. चाक गार झाल्यावर, सावलीत, आधी पाण्यानं माती उतरवायची. पीएच न्यूट्रल शाम्पू, चाकांची बादली आणि फडकं बॉडीपेक्षा वेगळं. धुतल्यावर कोरडं पुसायचं, ही पायरी सगळे गाळतात आणि बोअरच्या पाण्याचे ठिपके तिथूनच येतात. लोखंडाची धूळ विरघळवणारं, जांभळं होणारं द्रावण वापरायचं असेल तर आधी मागच्या बाजूला थोडं लावून पाहा आणि वाळू देऊ नका. पाणी लिपवर मण्यांसारखं धरतंय तोवर सीलंट आहे. पत्र्यासारखं सपाट पसरायला लागलं की पुन्हा एक हात. कोरड्या दिवसांत हे दोन-तीन महिन्यांनी येतं, तुमच्याकडे पावसात तीन-चार आठवड्यांनी. वर्षातून दोनदा सीलंटच्या आधी बारीक मेटल पॉलिश हातानं. ऑटोसॉल मी वर्षानुवर्षं वापरतो. ब्रासो पितळेच्या समयांसाठी ठेवा. टायरवाल्याला सांगा, लिपच्या कडेला ठोकायची बॅलन्सिंगची वजनं लावू नकोस, आतून चिकटवायची लाव. शिशाचं किंवा लोखंडाचं वजन अ‍ॅल्युमिनियमला टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं की बरोबर त्याच्या आकाराचा गंज उठतो.

शेवटी तुमचा घाईचा प्रश्न, आत्ता भर पावसात काय करू? आत्ता बफिंग करू नका. दमट हवेत केलेलं काम महिन्याभरात पुन्हा मंद होईल, आणि दरवेळी थोडा धातू जातोच. ऑक्टोबरचं ऊन पडू द्या. तोवर कंपनीची मूळ चाकं (डिस्क) असतील तर ती गाडीला चढवा आणि ही चाकं साध्या पाण्यानं धुऊन, कोरडी करून, जाडसर मेण लावून ठेवा, ठेवणीला कारनॉबाही चालेल. वर्तमानपत्रात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल धरते. जुनी सुती चादर टाका. आणि गॅरेजच्या सिमेंटच्या ओल्या फरशीवर तर अजिबात नको, सिमेंट चुन्यासारखंच खातं. खाली लाकडाची फळी घ्या, लिप वरच्या बाजूला.